तिसरा तारा आणि उरलेला माल

१८ डिसेंबर २०२२, रविवारची रात्र. कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टीवर ४-२ असं हरवलं आणि इकडे कोल्हापुरात पेठापेठांतून फटाके सुरू झाले. अर्जेंटिनाच्या शर्टावर तोवर दोन तारे होते, १९७८ आणि १९८६ या दोन विजेतेपदांचे. आता तीन हवे होते. म्हणजे ज्या क्षणी त्या शर्टाला सगळ्यात जास्त मागणी येणार, त्याच क्षणी दुकानात टांगलेला शर्ट जुना झाला. संघ हरला की माल पडून राहतो हे कुणीही सांगेल. इथं संघ जगज्जेता झाला आणि तरीही माल अडचणीत आला.

मोठ्या स्पर्धांचे शर्ट, टोप्या, झेंडे, मफलर विकणं दिसतं सोपं. गर्दी आहे, उत्साह आहे, लोक खिशात हात घालायला तयार आहेत. पण या मालाची किंमत दुकानदार ठरवत नाही, कारखानदारही ठरवत नाही. ती हजारो मैलांवरच्या एका मैदानात, दुकानदाराच्या हातात काहीच नसताना ठरते. साडीचा रंग चालला नाही तर ती पुढच्या लग्नसराईत खपते. ‘वर्ल्डकप २०२२’ छापलेली टोपी २०२३ मध्ये फुकट दिली तरी घेणारा विचार करतो.

कोल्हापुरात हा धंदा समजून घेण्यासारखा आहे, कारण महाराष्ट्रात फुटबॉलचं असं वेड दुसऱ्या गावात नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावं इथल्या पोराला शाळेच्या आधी पाठ होतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगचा सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. वर्ल्डकप आला की पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, चौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे उंचच उंच कटआउट उभे राहतात आणि एका गल्लीचा कटआउट दुसऱ्या गल्लीपेक्षा फूटभर तरी उंच असावा लागतो. या ईर्ष्येवरच शर्ट विकले जातात.

माल येतो कुठून? स्वस्त तयार शर्ट तिरुप्पूर, मेरठ, जालंधरकडून येतो. जवळचा घाऊक बाजार म्हणजे गांधीनगर. सीमेपलीकडच्या बेळगाव-निपाणीपासून कोकणापर्यंतचे किरकोळ दुकानदार कपड्यांच्या खरेदीला तिथं येतात. पंचवीस-तीस किलोमीटरवर इचलकरंजी आहे, घरोघरी यंत्रमाग आहेत, पण त्याचा या शर्टाला फारसा उपयोग नाही. मागावर विणलेलं सुती ग्रे कापड वेगळं आणि जर्सीचं पॉलिस्टर निट वेगळं.

पॉलिस्टरच का, याचं कारण छपाईत आहे. हल्ली बहुतेक जर्सी सब्लिमेशनने छापतात. संगणकावरचं डिझाईन आधी एका कागदावर उलटं छापायचं. शर्टाचे पुढचा, मागचा, बाह्या असे पांढरे तुकडे कापून घ्यायचे. कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसच्या प्रेसखाली मिनिटभर दाबायचा. शाईतला रंग वितळत नाही, थेट वायू होतो आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून बसतो. म्हणून असा शर्ट कितीही धुतला तरी छपाई निघत नाही, हाताला जाणवतही नाही. सुती कापड हा रंग धरत नाही आणि गडद कापडावर तो दिसत नाही. पांढरं पॉलिस्टरच लागतं. प्रेस झाली की मग शिलाई. आता हे धंद्याच्या डोळ्याने पाहा. पांढरा तागा ब्राझीलचाही होऊ शकतो, अर्जेंटिनाचाही, दिलबहारचाही. प्रेसखाली गेला की तो एकाच संघाचा होतो, आणि त्या संघाचं नशीब त्याला चिकटतं. शाईसारखंच, कितीही धुतलं तरी न निघणारं.

किती शर्ट घ्यायचे, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. अर्थशास्त्रात याला वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात. सकाळी अंक किती उचलायचे? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. असाच हिशेब एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये मांडला होता, तेव्हा बँकेने गल्ल्यात रोकड किती ठेवावी यासाठी. फरक इतकाच, की पेपरवाल्याची मागणी रोज थोडी वरखाली होते आणि सरासरीच्या आसपास राहते. जर्सीवाल्याला सरासरीचा काही उपयोग नाही.

समजा, शर्ट १८० रुपयांना पडतो, ३५० ला विकतो आणि स्पर्धेनंतर उरला तर कसाबसा ६० ला जातो. एक शर्ट कमी पडला तर १७० चा नफा हुकला, एक उरला तर १२० चं नुकसान. आता समजा, एखादा संघ अंतिम फेरीत गेला तर आपल्या दुकानात ६०० शर्ट खपतील आणि लवकर बाहेर पडला तर १५०. सरासरी ३७५. पण ३७५ शर्ट कधीच खपणार नाहीत! एकतर सहाशे, नाहीतर दीडशे.

सहाशे घेतले आणि संघ पोचला तर १,०२,००० रुपये नफा. नाही पोचला तर दीडशे शर्टांचे २५,५०० मिळतात आणि साडेचारशे उरलेल्यांत ५४,००० जातात, म्हणजे २८,५०० खिशातून. दीडशेच घेतले तर काहीही होवो, २५,५०० पक्के. मधले ३७५ घेतले तर संघ पोचल्यावर ६३,७५०, आणि न पोचल्यास १,५०० चा तोटा. गणित पुढे नेलं तर उत्तर असं येतं, की संघ अंतिम फेरीत जाण्याची शक्यता ४१ टक्क्यांहून जास्त वाटत असेल तरच मोठा लॉट उचलावा. ३२ किंवा ४८ संघांच्या स्पर्धेत, सुरुवातीलाच, एखाद्या संघाला ४१ टक्के देणारा माणूस जाणकार नसतो, भक्त असतो. आणि कोल्हापुरात जर्सी विकणारा बहुतेक वेळा स्वतःच कुठल्या तरी संघाचा भक्त असतो. मला तर या धंद्यातला पहिला धोका हाच वाटतो. आपल्या मनातला संघ आणि आपल्या गोडाऊनमधला संघ एक असू नये.

२०२२ चं उदाहरण पुरेसं आहे. २२ नोव्हेंबरला अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ ने हरली. त्या संध्याकाळी घाबरून ज्याने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा माल पाडून विकला असेल, त्याला महिनाभराने काय वाटलं असेल! ९ डिसेंबरला ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीवर गेलं आणि पिवळा शर्ट अंतिम सामन्याच्या नऊ दिवस आधीच थंड पडला. तिकडे शेवटी शेवटी मेस्सीचा शर्ट जगभर संपल्याचं खुद्द आदिदासनेच सांगितलं. ज्या कंपनीच्या हाताशी सगळ्या जगाची आकडेवारी आहे, तिचाही अंदाज चुकतो.

क्रिकेटमधली मोठी ठेच २००७ ची. वेस्ट इंडीजमधला वर्ल्डकप एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालणार होता. १७ मार्चला भारत बांगलादेशकडून हरला, २३ मार्चला श्रीलंकेकडून, आणि संघ पहिल्याच फेरीत घरी. म्हणजे महिनाभराहून जास्त स्पर्धा शिल्लक आणि ‘इंडिया’ लिहिलेल्या कुठल्याच वस्तूला गिऱ्हाईक नाही. २०२३ मध्ये उलट झालं. सलग दहा सामने जिंकून भारत १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात उतरला आणि तिथंच हरला. असं चालू असताना दुकानदार शेवटच्या आठवड्यात धीर करून पुन्हा माल भरतो, आणि नेमका तोच शेवटचा लॉट अंगावर येतो. सलग विजयांच्या मालिकेत विक्रेत्याचा गल्ला आणि धोका दोन्ही बरोबरीने वाढत असतात, पण डोळ्यांना गल्लाच दिसतो.

माल कमी पडण्याचीही एक गोष्ट आपल्या शेजारचीच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्डकप जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव घरोघरी पोचलं. पण बाजारातला ‘इंडिया’चा माल पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या मापाने येतो. मुलींना बसेल असा कट असलेला शर्ट हवा असेल तर तो आधी कुणी छापला तर मिळणार ना? यातही एक गंमत अशी, की मानधनाचा नंबर १८ आणि विराट कोहलीचाही १८. ज्याने नुसता नंबर छापून नावाची जागा कोरी ठेवली असेल त्याचं फावलं.

नाव छापण्याची घाई हा वेगळाच सापळा आहे. मेस्सीने ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोना सोडलं, रोनाल्डो नोव्हेंबर २०२२ मध्ये ऐन वर्ल्डकपमध्ये मँचेस्टर युनायटेडमधून मोकळा झाला, आयपीएलच्या मोठ्या लिलावात तर अर्धे संघ उलटेपालटे होतात. खेळाडू रजा न घेता जातो, त्याच्या नावाचे शर्ट मात्र हँगरवर राहतात. अमेरिकेत रीबॉक कंपनीकडे तिथल्या एनएफएल फुटबॉलचं काम होतं तेव्हा त्यांनी यावर उपाय केला होता. प्रत्येक संघाच्या रंगाचे पण बिननावाचे शर्ट साठवायचे आणि मागणी कळली की नाव-नंबर छापायचे. आपल्याकडे आता डीटीएफची, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर चिकटवण्याची, छोटी मशीन आल्यापासून राजारामपुरीतला दुकानदारही हे करू शकतो. गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत पाठीवर नाव चिकटतं. थोडा नफा कमी, पण झोप जास्त. एनएफएलच्या अंतिम सामन्याची तर आणखी तऱ्हा. सामना संपताच विजेत्याचे शर्ट हवेत म्हणून दोन्ही संघांचे ‘चॅम्पियन’ शर्ट आधीच छापतात, आणि हरलेल्या संघाचे गठ्ठे परदेशातल्या गरजूंना वाटले जातात. म्हणजे जगात कुठेतरी असा माणूस असतो, ज्याच्या अंगावरच्या शर्टानुसार निकाल वेगळाच लागलेला असतो.

शर्टावरच्या छोट्या अक्षरांनीही मोठी माणसं बुडतात. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन अशी नावं आली आणि गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद झाले आणि ड्रीम इलेव्हनचं नाव काही दिवसांत शर्टावरून उतरलं. सप्टेंबरमधला आशिया चषक संघ कोऱ्या छातीने खेळला, मग अपोलो टायर्स आलं. किट बनवणारी कंपनीही अशीच बदलत राहिली. २०२० पर्यंत नाइकी, मग एमपीएल, २०२३ च्या सुरुवातीला काही महिने किलर आणि त्या जूनपासून आदिदास. मैदानावर एकही चेंडू पडलेला नसताना, दिल्लीत विधेयक मंजूर झालं म्हणून गांधीनगरातला गठ्ठा जुना होतो. पण इथं एक बारकावा आहे. ज्याच्या शर्टावर प्रायोजकाचं नाव नव्हतंच, त्याचं यात काहीच बिघडलं नाही.

तिथून गाडी कायद्यावर येते, आणि हा भाग आपल्याकडे सगळ्यात हलक्यात घेतला जातो. ‘सगळेच विकतात’ हे कोर्टात उत्तर होत नाही. आदिदासच्या तीन पट्ट्या, बीसीसीआयचं बोधचिन्ह, क्लबांची चिन्हं यांना कायद्याचं संरक्षण आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ नुसार खोटी खूण लावलेला माल विकला किंवा विक्रीसाठी ठेवला तरी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. डीवायएसपी दर्जाचा अधिकारी रजिस्ट्रारचं मत घेऊन वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. विकणाऱ्याला बचावाची वाट आहे, पण ती अरुंद आहे. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, शंका येण्याचं कारण नव्हतं, आणि विचारल्यावर माल कुणाकडून आणला ते सांगितलं, हे त्याला दाखवावं लागतं. ‘पक्कं बिल नको, दहा रुपये कमी करा’ म्हणणारा दुकानदार त्या दहा रुपयांत हीच वाट बुजवून टाकतो.

मग काहीच छापायचं नाही का? तसंही नाही. निळा रंग कुणाच्या बापाचा नाही. २००३ च्या क्रिकेट वर्ल्डकपच्या वेळी आयसीसीच्या कंपनीने अरवी एंटरप्रायझेस आणि फिलिप्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं होतं. ‘ऑडिओ सिस्टिम घ्या, वर्ल्डकपचं तिकीट जिंका’ अशी त्यांची जाहिरात होती. न्यायालयाने मनाई केली नाही. ‘वर्ल्डकप’ हे शब्द सर्वसामान्य आहेत आणि प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीला असतो, स्पर्धेला नसतो, असा त्याचा रोख होता. याची दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. व्यक्तीला तो हक्क असतो. टोकियो ऑलिम्पिकनंतर पी. व्ही. सिंधूचं काम पाहणाऱ्या कंपनीने, अभिनंदनाच्या नावाखाली तिचा फोटो आपल्या जाहिरातीत वापरणाऱ्या ब्रँडना नोटिसा धाडल्या होत्या. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकलं तेव्हा कोल्हापूर फ्लेक्सने भरून गेलं. गावाने आपल्या पोराचं कौतुक करणं वेगळं आणि त्याच फोटोखाली ‘आमच्याकडे २० टक्के सूट’ लिहिणं वेगळं. फोटो छापलेले टी-शर्ट विकणं तर त्याच्याही पुढचं.

तिरंग्याचे नियम आणखी कडक. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा, यंत्रावर बनवलेला ध्वज चालतो, म्हणून बाजारात तो स्वस्त झाला. पण ध्वजावर अक्षरं छापता येत नाहीत, कमरेखालच्या कपड्यात, रुमालात, उशीच्या अभ्र्यावर तो वापरता येत नाही. ‘जितेगा इंडिया’ लिहिलेला तिरंगा विकणाऱ्याला आपण राष्ट्रप्रेम विकतोय असं वाटत असतं. कायद्याच्या नजरेत तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा मामला होऊ शकतो.

स्पर्धाच झाली नाही तर? २४ मार्च २०२० ला टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे ढकललं गेलं, पण नाव ‘टोकियो २०२०’ हेच ठेवलं. तयार मालावरची तारीख त्यामुळे वाचली. युरो २०२० चंही तसंच. पण पुढे टोकियोत प्रेक्षकांनाच बंदी आली आणि नाव वाचूनही गिऱ्हाईक गेलं. ९ मे २०२५ ला भारत-पाकिस्तान संघर्षामुळे आयपीएल थांबली, आठवड्याने पुन्हा सुरू झाली. आठवडा ऐकायला थोडा वाटतो. व्याजाने पैसे घेऊन ऐन सिझनचा माल भरलेल्याला विचारा. आणि कोल्हापूरचं आपलं एक वेगळं दुखणं आहे. २३ जुलै २०२१ ला टोकियोत ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवसांत पंचगंगा पात्राबाहेर होती आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. कुरिअर पुढे येईना, मागे जाईना.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा तालमींचे शर्ट शिवावेत. आकडा ठरलेला, मापं दिलेली, नावं लिहून दिलेली, कुणी हरलं तरी शर्ट अंगावर राहणारच. पेठेचा शर्ट हरल्यावर जास्तच अभिमानाने घालतात! मागणीचा धोका इथं जवळजवळ शून्य. त्याची जागा उधारी घेते. मंडळाचा पैसा वर्गणीतून येतो, देणगीदाराकडून येतो, आणि बाहीवर ज्याचं नाव छापायचं त्या इच्छुक नगरसेवकाकडून येतो. महापालिकेत नोव्हेंबर २०२० नंतर जानेवारी २०२६ पर्यंत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. पाच वर्षांहून जास्त काळ इच्छुक हा इच्छुकच राहिला, तर त्याचं बिल किती ओढून धरायचं? शिवाय कार्यकर्त्याला तगादा लावायचा म्हणजे पेठेशी वाकडं. म्हणून मुरलेला शिलाईवाला अर्धी रक्कम हातात आल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. नावांची यादीही फोनवर ऐकून घेत नाही, लिहून सही घेतो. ‘पाटील’ आणि ‘पाटोळे’ यांची गल्लत झालेला शर्ट ६० रुपयांनाही जात नाही.

२०२६ च्या वर्ल्डकपची आखणी ११ जून ते १९ जुलै अशी आहे, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, ४८ संघ, १०४ सामने. संघ वाढले म्हणजे धंदा वाढला असं वरवर वाटतं, पण आपल्या गिऱ्हाइकाचे संघ तेच चार-पाच. २०२२ चा वर्ल्डकप थंडीत होता, स्थानिक सिझनच्या तोंडावर, आणि अंतिम सामना रविवारी रात्री साडेआठला. चौकात पडदा लावून बघायचा म्हटल्यावर अंगावर शर्ट हवाच होता. या वेळचा अंतिम सामना आपल्याकडे रविवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला, भर पावसात. घरात पांघरूण घेऊन सामना बघणाऱ्याला नवा शर्ट कशाला लागतो? माझ्या मते शहाणा दुकानदार जूनमध्ये पांढऱ्या पॉलिस्टरचे तागे आणि कागद भरून ठेवेल, दीडशेच्या वर एकही शर्ट आधी छापणार नाही आणि ९ जुलैला सुरू होणाऱ्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत प्रेस थंडच ठेवेल. तागे मात्र तळमजल्यावर नकोत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आहे, ४३ ला धोका, आणि जुलैचा दुसरा आठवडा हा नदीच्याही सिझनचा असतो.